मातामायसाठी नेलेलं पाणी

ही हकीकत मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली, पण खरं सांगायचं तर दर वेळी अर्धीच. आमच्या पंथाची मंडळी जमली की कुणीतरी म्हणतं, "बाई, तुमच्या कुंदाच्या दुखण्यातला अनुभव सांगा ना." मग मी सांगते. पोर आजारी होती, सगळं गाव मातामायला पाणी घाल म्हणत होतं, मी घातलं नाही, आणि देवानं माणूस पाठवला. ऐकणारे माना डोलावतात, एखादी बाई पदरानं डोळे पुसते, आणि मला आतून ओशाळल्यासारखं होतं. कारण मधला एक तुकडा मी गाळलेला असतो. त्या दिवशी पाण्याचा तांब्या घेऊन मी मातामायच्या ओट्यापर्यंत गेले होते. कुणाच्या सोबतीनं नव्हे, चुकून नव्हे, पाणी घालायलाच गेले होते. माझ्या निष्ठेचं कौतुक ऐकून ऐकून आता मला त्याचा कंटाळा आला आहे, म्हणून आज ते सगळं लिहून टाकते.

माझं माहेर आर्वीकडचं. घर तीन पिढ्या महानुभाव पंथाचं. आमच्यात उपदेश घेतला की एकाच परमेश्वराला शरण जायचं असतं. दुसऱ्यांच्या देवदेवतांना नावं ठेवायची नाहीत, पण त्यांच्यापुढे नवस नाही, नैवेद्य नाही, डोकं टेकणं नाही. मी तेराव्या वर्षी उपदेश घेतला. तेव्हा आश्रमातल्या एक म्हाताऱ्या तपस्विनी मला जवळ बसवून म्हणाल्या होत्या, "पोरी, आज तुला हे सोपं वाटेल. इथं सगळे आपलेच आहेत. जिथं तू एकटीच असशील तिथं आठव." मी मान हलवली होती. त्या वयात आपण कशालाही मान हलवतो.

लग्न झालं ते समुद्रपूरकडच्या एका गावात. सासरची माणसं शेतकरी, कष्टाळू, मायेची. पण पंथाची नव्हेत. सोयरीक जुळताना माझ्या वडिलांनी बैठकीत स्पष्ट विचारलं होतं की पोरीवर देवपूजेची सक्ती तर होणार नाही ना, आणि सासरेबुवा म्हणाले होते, "आमाले काय त्याचं? ज्याचा त्याचा देव." ते म्हणाले तेव्हा मनापासूनच म्हणाले असतील. पण घरात वर्षभर सण असतात आणि प्रत्येक सणाला सुनेचे हात लागतात. मी पुरण वाटायची, घर सारवायची, पोळ्याला बैलांचे खूर धुवायची. पण नैवेद्य दाखवायची वेळ आली की माझं डोकं हमखास दुखायचं. माझ्या सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू, माझ्या डोकेदुखीचं पंचांग पाठ झालं होतं. "उद्या नागपंचमी हाये, आजच बाम आणून ठेवजो," असं त्या मुलाला माझ्यादेखत सांगायच्या. गावातल्या बायका मात्र मला मागून 'मानभावीण' म्हणत. मानभावी म्हणजे ढोंगी, असा अर्थ लोकांनी करून ठेवला आहे, आणि तो शब्द कानावर पडला की मी दिवसभर मुकी होऊन जात असे. पाच वर्षं त्या गावात राहूनही मी पाहुणीच होते.

आणीबाणीच्या सुमाराचा तो चैत्र होता. शेतातल्या कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, विहिरी तळाला गेल्या होत्या, आणि दहा वाजताच वाट तापत असे. कुंदा तेव्हा अडीच वर्षांची. तिला ताप आला, डोळे लाल झाले, आणि तिसऱ्या दिवशी कानामागून सुरू होऊन सगळ्या अंगावर लाल पुरळ उठलं. आत्याबाईंनी तिला पाहिलं आणि हात जोडले. "माय आली वो घरात," त्या हळूच म्हणाल्या.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांना सांगायला हवं. आमच्या भागात अंगावर असं पुरळ उठलं की तो आजार मानत नसत. माता अंगात आली आहे असं समजत, आणि त्या लेकराला देवीसारखं वागवत. दाराला कडुनिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, चपला बाहेर, परक्या माणसाला मनाई. पाच दिवस लेकरू उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. सुई टोचायची तर अजिबातच नाही, कारण सुईनं माय कोपते. आणि रोज सकाळी घरच्या बाईनं न्हाऊन, ओल्या लुगड्यानं, गावाबाहेरच्या मातामायच्या ओट्यावर जायचं, शेंदूर लावलेल्या त्या दगडांवर तांब्याभर पाणी घालायचं आणि मायला थंड हो म्हणायचं. यात आणखी एक गोष्ट होती. पाणी घरातल्या कोणत्याही बाईनं घातलं तरी चालत असे, पण खरं लागू पडायचं ते आईच्या हातचं. आई जिवंत असताना तिनं घातलं नाही तर मायचा अपमान समजत.

पहिले तीन दिवस आत्याबाई स्वतः गेल्या. मला त्यांनी नुसतं विचारलं, मी मान खाली घातली, आणि त्या तांब्या उचलून निघाल्या. माझी डोकेदुखी या वेळी कामाची नव्हती हे दोघींनाही कळत होतं. मी ह्यांना म्हटलं, कुंदाला दवाखान्यात नेऊ. हे सासऱ्यांकडे पाहू लागले. सासरे म्हणाले, "धाकट्या भावाचं पोरगं असंच सुई देऊन आणलं होतं. परत येता येता बैलबंडीतच गेलं. मले ते पुन्हा पाहाचं नाई." ते ओरडून बोलले नाहीत. त्यांना निर्दय म्हणायची माझी छाती झाली नाही. ते लेकरू त्यांच्याच मांडीवर गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी पुरळ काळपट पडू लागलं, पण कुंदाचा श्वास जलद झाला. ती रडेनाशी झाली. ते मला पुरळापेक्षा भयंकर वाटलं. शेजारची काकू आली. जिभेची तिखट होती, पण माझ्या बाळंतपणात महिनाभर पाणी तापवून देणारी तीच. ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "तुया देव मोठा हाये, मले मान्य. पण पोट्टी गेली तं तो आणून देईन का परत? काऊन एवढी अडून राह्यली?" संध्याकाळी हे माझ्याजवळ बसले. हे भांडणारे नव्हतेच. म्हणाले, "पाणीच तं हाये. टाकून दे ना. माह्यासाठी टाक."

पाणीच तर आहे, हे मी स्वतःलाही कितीदा सांगून पाहिलं. पण नुसतं पाणीच असतं तर कुणी माझ्याकडे मागितलं नसतं. विहिरीवर त्याहून जास्त रोज सांडत होतं. त्यांना माझ्या हातून जे घालून हवं होतं ते तांब्यात मावणारं नव्हतं, आणि ते मी तेराव्या वर्षी एकाला देऊन बसले होते. असं मनात येई, आणि लगेच कुंदाच्या बरगड्या आत-बाहेर होताना दिसत, आणि वाटे, तू स्वतःला समजतेस तरी कोण? लेकरापेक्षा तुझा शब्द मोठा झाला का? मी माळ हातात घेतली की मणी सरकत, पण नाव तोंडात येत नसे. देवाला मी काही विचारलं नाही. विचारलं आणि त्यानं उत्तर दिलं नाही तर, अशी भीती होती.

चौथ्या दिवशी सकाळी कुंदानं दूध ओठाला लावू दिलं नाही. मी उठले, आत्याबाईंच्या पुढे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मी जाते पाणी घालायला." त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. तसं काही दिसलं नाही. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि तांब्या माझ्या हातात दिला. मी अंगावर दोन बादल्या ओतून घेतल्या आणि ओल्या लुगड्यानं निघाले. ओसरीवर बसलेल्या काकूनं मला पाहिलं आणि कपाळाला हात लावून मोठ्यानं म्हणाली, "पावली वो माय!"

घरापासून मातामायचा ओटा फार तर पाव कोस. मला ती वाट अजून पायाखाली आठवते. लुगडं वाटेतच वाळायला लागलं. दर पावलाला नामस्मरण करायची माझी लहानपणापासूनची सवय, पण त्या वाटेवर मला नाव घेता येईना. विसरले नव्हते. घ्यायची लाज वाटत होती.

गावाबाहेर कडुनिंबाचं एक मोठं झाड, त्याच्या बुंध्याशी दगडमातीचा ओटा, आणि ओट्यावर शेंदूर फासलेले सात दगड. कुणीतरी सकाळी पाणी घालून गेलं होतं, ते वाळून शेंदराचा ओघळ खाली उतरला होता. मी तांब्या दोन्ही हातांत धरून वर उचलला. इथवरचं मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या क्षणी माझी श्रद्धा जागी झाली असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. मला फक्त एवढंच कळलं, की हे पाणी घालून मी घरी गेले आणि कुंदाला जास्त झालं, तर मी हाक कुणाला मारणार? मातामायला मी ओळखत नव्हते. तिच्यावर माझा विश्वास नसताना मी तिच्यापुढे भक्तीचं सोंग आणायला आले होते, म्हणजे तिचीही फसवणूक. आणि ज्याला ओळखत होते त्याच्याकडे तर पाठ करून उभी होते. गावातल्या बायका मला ढोंगी म्हणत, आणि त्यांचं म्हणणं खरं करण्यापासून मी एका वितीवर होते. माझे हात दुखायला लागले. मी तांब्या खाली घेतला, छातीशी धरला आणि चार दिवसांत पहिल्यांदा मोकळी रडले. म्हणाले, "मला काही येत नाही. तुझंही धड येत नाही आणि यांचंही येत नाही. पोर तुझी आहे. तुला काय करायचं ते कर, पण मला तुझ्यापासून तोडू नको." यापेक्षा चांगली प्रार्थना मला येत होती, पण तेव्हा तोंडातून निघाली ती हीच.

"बाई, पाणी पाजता का थोडं?"

मी दचकले. निंबाच्या बुंध्याच्या पलीकडच्या बाजूला एक माणूस बसला होता. चाळिशीचा असेल. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, शेजारी सायकल आडवी टाकलेली, गळ्यात खाकी पिशवी. माझं रडणं त्यानं ऐकलं असणार, पण चेहऱ्यावर तसं काही दाखवलं नाही. ओठ सुकून पांढरे पडले होते. म्हणाला, "सकाळपासून तुमच्या गावात फिरून राह्यलो. पिशवी पाहून लोक दार लावून घेतात. पाणी कोणी पाजलं नाही."

त्यानं ओंजळ पुढे केली. मी धार धरली. तो घटाघटा प्यायला, थांबला, पुन्हा ओंजळ केली. अख्खा तांब्या रिकामा झाला. मग ओल्या हातानंच त्यानं पिशवीतून एक पुठ्ठ्याचं चित्र काढलं. देवीच्या रोगानं अंगभर फोड आलेल्या लेकराचं ते चित्र होतं. तो आरोग्य खात्याचा माणूस होता. देवीचा रोग देशातून गेला की कुठे उरला आहे, हे पाहायला तेव्हा असे लोक गावोगाव फिरत. चित्र माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "असं कोणाच्या घरी आहे का? ताप, अंगावर पुरळ? सारे नाही म्हणतात."

आता कळलं की दारं का लागली होती. घरात माता असताना बाहेरच्याला सांगायचं नसतं. काकूनं सांगितलं नव्हतं, आमच्या घरूनही कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "माझ्या घरी आहे. चला."

घरी पोचलो तेव्हा सासरे दारात उभे होते आणि आत्याबाई अंगणात, धापा टाकत, हातात हळदकुंकवाची वाटी. त्या धापा का टाकत होत्या हे विचारायचं मला सुचलं नाही. सासऱ्यांनी दारात हात आडवा लावला. "मातेच्या घरात परका माणूस येत नाई." तो माणूस बिचारा तिथंच थांबला. तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "येऊ द्या त्याले." सासऱ्यांनी वळून पाहिलं. लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या त्या बाईनं कधी त्यांचा शब्द लोकांपुढे खाली पाडला नव्हता. त्यांचा हात आपोआप खाली आला.

त्या माणसानं कुंदाला हात लावण्याआधी नुसतं पाहिलं. तिचं झबलं वर करून छाती कशी ओढली जाते ते पाहिलं, नाकपुड्या पाहिल्या. म्हणाला, "ही देवी नाही, गोवर आहे. पुरळ उतरतच आहे, त्याची भीती नाही. पण छातीत गेला आहे. आत्ताच्या आत्ता हिंगणघाटच्या दवाखान्यात न्या. उद्यावर टाकू नका." सासरे एकच बोलले, "सुई देतीन." तो म्हणाला, "देतील. द्यावीच लागेल." खोटं बोलून त्यानं काम करून घेतलं नाही, हे मला आजही त्याचं मोठेपण वाटतं.

 मग आत्याबाई पुढे झाल्या, टाचा उंचावून दाराचा कडुनिंबाचा डहाळा त्यांनी स्वतःच्या हातानं उपसला आणि कुंदाच्या तोंडावर सावलीला धरला. पाचवा दिवस उलटायच्या आत तो काढत नसतात. ह्यांना म्हणाल्या, "बंडी जुंप." आणि मला, "जाय बाई. अठीचं मी पाहून घेतो."  हे गोठ्याकडे धावले.

बंडीच्या मागे सायकलवर तो माणूस सडकेपर्यंत आला. एस.टी. हात करून थांबवली, दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. मी त्याला नाव विचारलं. तो म्हणाला, "नावाचं काय, ताई, पोरीकडं पाहा," आणि पुढच्या गावाच्या वाटेला लागला. पुन्हा तो कधी दिसला नाही.

दवाखान्यात कुंदा नऊ दिवस होती. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी ह्यांना बाजूला नेऊन सांगितलं होतं की आणखी एक दिवस उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. त्या दिवसांत माझं स्मरण पुन्हा सुरू झालं. चौथ्या दिवशी कुंदानं डोळे उघडून वरणभात मागितला, आणि हे दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन लहान मुलासारखे रडले.

त्या माणसाला देवानंच पाठवलं का, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. तो सरकारी नोकर होता, त्याच्या यादीत आमचं गाव होतं, तो येणारच होता. पण प्रत्येक दारातून परतून तो निघायच्या बेतात होता, आणि गावाबाहेर सावली तेवढ्या एकाच झाडाची होती. मी खंबीर राहून घरात बसले असते तर तो मला भेटला नसता. आणि वर उचललेला तांब्या दगडांवर रिता केला असता तर त्याला पाजायला माझ्याकडे काही उरलं नसतं, आणि पाणी घालून झाल्यावर, घरी माता आहे हे मी परक्याला सांगितलंच असतं असंही नाही. माझा कमकुवतपणा मला तिथवर घेऊन गेला, आणि देवानं तोही वाया जाऊ दिला नाही. हे मला समजायला पुष्कळ वर्षं लागली.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण खरी परीक्षा पुढेच होती, आणि ती गोड होती म्हणून जास्त कठीण होती. आम्ही कुंदाला घेऊन गावात आलो तर सगळी आळी दारात. काकूनं कुंदाची दृष्ट काढली, मला पोटाशी धरलं. "आईचं पाणी पावलं वो! पायलं का?" सगळ्यांची खात्री होती की मी पाणी घातलं, मायनं ऐकलं. माझा रिकामा तांब्या गावानं पाहिला होता. मंगळवारी मातामायला दहीभाताचं ताट वाजतगाजत न्यायचं ठरलं, आणि ताट नेण्याचा मान आईचा. काकूनं माझ्यासाठी हिरव्या खणाची चोळी आणली. "आता तू आमची झाली," ती म्हणाली.

मला ते फार हवं होतं. पाच वर्षं ज्या बायका विहिरीवर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत, त्या मला अंगणात हाताला धरून बसवत होत्या. आणि मला खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलं की झालं. ताट हातात घ्यायचं, पाव कोस चालायचं. पोर वाचली होती, आता कुणाचं काय बिघडणार होतं?

मंगळवारी अंगणात डफडं वाजू लागलं. काकूनं ताट माझ्या हातावर ठेवलं. ते हातावर आलं आणि मला तो माणूस आठवला, सुई देतील का म्हटल्यावर सरळ हो म्हणणारा. मी ताट खाली ठेवलं. म्हणाले, "मी त्या दिवशी मातामायला पाणी घातलं नाही. घालायला गेले होते, पण घातलं नाही."

डफडं थांबलं. काकूनं विचारलं, "मंग तांब्या कोठी रिता केला?"

मी तोंड उघडणार, तोच मागून आत्याबाईंचा आवाज आला. "त्या सायकलवाल्याले पाजला. ते खरं सांगून राह्यली. मी पायलं."

मी गर्रकन वळले. आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. "ते हळदकुंकू घरीच इसरली होती. मी वाटी घेऊन तिच्या मांगून गेलती. तिनं तांब्या वरतं धरला, खाली घेतला, मंग रडली. मंग त्या माणसाले पाजलं. तो चित्र दाखवून राह्यला होता तवा मी वावराच्या वाटेनं धावत घरी आली."

सासऱ्यांनी विचारलं, "मंग तू आमाले सांगतलं काऊन नाई?"

"मले कोणी इचारलं नाई," आत्याबाई म्हणाल्या. मग सगळ्या बायकांकडे पाहून म्हणाल्या, "त्या माणसाले मातामायनं धाडलं का हिच्या देवानं धाडलं, ते मले समजत नाई. मले एवढंच समजते, का साऱ्या गावानं ज्याले तहानलेलं ठेवलं त्याले हिनं पाणी देलं, आन् त्यानं माही नात वाचवली. ताट मी नेतो. आजी बी आईच असते." त्यांनी ताट उचललं आणि डफडंवाल्याला म्हणाल्या, "वाजव ना रे, कोणी मेलं काय?"

मिरवणूक गेली. मी कुंदाला कडेवर घेऊन अंगणात उभी राहिले. काकू त्यानंतर दोन वर्षं माझ्याशी नीट बोलली नाही, हळदकुंकवाची बोलावणी बंद झाली. मला त्याचं वाईट वाटलं, खूप वाटलं. पण नामस्मरण करताना जीभ अडखळेना, आणि घरात एक माणूस असं होतं ज्यानं मला आतून-बाहेरून पाहिलं होतं. आत्याबाईंना मी एकदा विचारलं, मी पाणी घातलं नाही हे पाहून तुम्हाला राग नाही आला? त्या म्हणाल्या, "तू घालाले निंगाली तवा आला होता. तीन दिवस नाई म्हणून चवथ्याले कबूल होते ते देव बदलत नाई, भेते, असं वाटलं मले."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनीच मातामायच्या निंबाखाली एक रांजण बसवायला लावला, येणाऱ्या-जाणाऱ्यांना पिण्यासाठी. तो भरायचं काम माझ्याकडे दिलं. चैत्र लागला की सकाळी आम्ही दोघी त्याच वाटेनं निघत असू. त्या त्यांचा तांब्या दगडांवर घालत, मी माझी घागर रांजणात ओतत असे. "मानभावीण चालली मातामायले पाणी घेऊन," अशी थट्टा होई, आणि त्या थट्टेत आत्याबाई सगळ्यांत पुढे असत. पुढे काकूही येता-जाता त्याच रांजणातून पाणी पिऊ लागली, आणि बोलूही लागली.

त्यानंतर आठ-दहा वर्षांनी आत्याबाई गेल्या, एका उन्हाळ्यातच. शेवटचे दिवस त्यांना धड गिळवत नव्हतं. एका दुपारी त्यांनी खुणेनं पाणी मागितलं. मी तांब्या आणला, चमच्यानं पाणी त्यांच्या ओठाला लावलं आणि विचारलं, "आत्याबाई, नाव घेऊ का? कोणाचं घेऊ?" माझ्या मनात होतं, त्यांनी मातामाय म्हटलं तर काय करू. आयुष्यभर ज्या बाईनं माझी राखण केली तिला शेवटच्या घोटाला मी नाही कशी म्हणणार होते? इतक्या वर्षांत वाटली नव्हती एवढी भीती मला तेव्हा वाटली.

त्यांनी डोळे उघडले. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं असावं. हळूच म्हणाल्या, "तुले जे खरं येते ते घे. माह्यासाठी खोटं नको घेजो."

मी श्रीकृष्णाचं नाव घेतलं. त्यांनी पाणी गिळलं.

देवा, तू मला सोडलं नाहीस हे मी सगळ्यांना सांगत आले. मी तुला सोडायला निघाले होते हे आज सांगितलं. त्या वाटेवर निंबाखाली तूच तहानलेला बसला होतास की नाही, हे मला माहीत नाही. माझ्या हातात तेव्हा तांब्याभर पाणी होतं, आणि ते कुठे द्यायचं ते तू सुचवलंस, एवढ्यासाठी मी तुला आणि माझ्या आत्याबाईंना दंडवत घालते.